रंग शेवटी, भिंत आधी



नवीन खोली बांधली, गिलावा झाला, आता पहिल्यांदा रंग द्यायचा आहे. तर रंगाचा डबा उघडण्याआधी भिंत कशी तयार करायची, एवढाच आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना रंगकामाशी काय करायचंय? ते रंगाऱ्याचं काम. आम्हीही असंच म्हणत होतो. पण आमच्या गटाच्या वहीत रंगासाठी दिलेलं एक कर्ज लिहिलं गेलं, आणि त्या कर्जाने आम्हाला भिंतीकडे नीट बघायला शिकवलं.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात राहतो. मिरग निघाला की चार महिने कपडे वाळत नाहीत, असा आमचा भाग. आमच्या गटात सगळ्यात थोरल्या आहेत त्यांना आम्ही आक्का म्हणतो. आक्कांना घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागातल्या घराला १ लाख ३० हजार रुपये मिळतात. तेवढ्यात भिंती आणि छत उभं राहतं. रंग आपल्या पदरचा.

दिवाळीनंतर आठवड्याने आक्कांच्या घराचा गिलावा पुरा झाला. लेकीचा साखरपुडा मार्गशीर्षात ठरलेला. पाहुणे येणार, सिमेंटच्या काळ्या भिंती कशा दाखवायच्या? गिलाव्यावर सात दिवस पाणी मारलं, वर आठ दिवस सोडले आणि रंगारी घरात आला. गटातून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं होतं. दर महिन्याला दीड हजार मुद्दल आणि वर व्याज, असे दहा हप्ते. सह्या आम्हीच केल्या. भिंती वाळल्या का, हे आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही.

साखरपुडा छान झाला. फिकट गुलाबी भिंती बघून सगळ्यांनी कौतुक केलं. शिमग्याच्या सुमाराला खिडकीखाली रंग फुगलेला दिसला. बोट लावलं की फोड फुटायचा आणि आतून पांढरी पूड गळायची. पाऊस लागला तसा जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतचा रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला. जुलैच्या बैठकीत आक्का हप्ता घेऊन आल्या, पैसे पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, "रंग गेला गं बायांनो, आन् हप्ते ऱ्हायले." अजून तीन हप्ते बाकी होते.

त्या दिवशी बैठकीत खूप बोलणं झालं. कुणी रंगाऱ्याला नावं ठेवली, कुणी रंगातच खोट आहे म्हणालं. मग आम्ही चौघी-पाचजणी मिळून आक्कांच्या घरी गेलो. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंडी मामांना सोबत घेतलं. मामांनी सुटलेला पापुद्रा उचलला, उलटा केला आणि आम्हाला दाखवला. रंगाच्या पाठीला पुट्टी, आणि पुट्टीच्या पाठीला पांढरा खार चिकटलेला. मामा म्हणाले, "रंगाचा दोष न्हाई. भिंत वली होती. वल्या भिंतीला झाकलं की ती कुठनं तरी वाट काढणारच."

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. अंगण आपण सारवतो तेव्हा आधी खड्डे बुजवतो, चोपणीने चोपतो, झाडतो, पाणी शिंपडतो आणि मग शेणाचा हात फिरवतो. रांगोळी त्याच्याही नंतर. पालघरकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहितात तेव्हाही भिंत आधी सारवून तयार करतात आणि मगच तांदळाच्या पिठाने त्यावर लिहितात. खालचा थर तयार नसेल तर वरचा टिकत नाही, ही विद्या आपलीच आहे. सिमेंटची भिंत आली आणि आपण ती दुसऱ्याची म्हणून सोडून दिली.

त्यानंतर आमच्या गटात आणखी दोन घरांना रंग लागला. त्या वेळी काय काय केलं, ते आता क्रमाने सांगतो.

नवी भिंत ओली का असते?

गिलाव्यात सिमेंट, वाळू आणि पाणी असतं. गिलावा झाल्यावर निदान सात दिवस आपण त्यावर पाणी मारतो, कारण सिमेंट घट्ट व्हायला पाणी लागतं. हे पाणी मारणं कधीच टाळू नका. टाळलं तर गिलावा भुसभुशीत राहतो. पण जे पाणी आत गेलं, ते बाहेरही यावं लागतं. वरून भिंत दोन दिवसांत पांढुरकी, कोरडी दिसते. आतली ओल मात्र हळूहळू बाहेर येत असते. जाडजूड गोधडी धुतल्यावर वरून वाळलेली वाटते आणि घडी घालताना आतून गार लागते, तसंच हे.

ही ओल बाहेर येताना सिमेंट, विटा आणि वाळूतले क्षार सोबत घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार भिंतीवर राहतात. तोच पांढरा खार. शिवाय ताज्या सिमेंटमध्ये चुन्यासारखा जहालपणा असतो, तो रंगाला खातो. रंग लवकर लावला की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात, खार रंगाला मागून ढकलतो आणि पापुद्रे सुटतात. आक्कांच्या घरात हेच झालं.

मग थांबायचं किती? पाणी मारणं संपल्यावर निदान चार आठवडे तरी भिंत उघडी ठेवावी. आमच्यासारख्या पावसाच्या भागात दोन-तीन महिने थांबलेलं बरं. एक उन्हाळा भिंतीवरून गेला तर उत्तमच. पावसाळ्यात गिलावा झाला असेल तर ते दिवस वाळण्यात धरू नका. दारं-खिडक्या दिवसा उघड्या ठेवा, वारं खेळू द्या. भिंतीला कपाटं, धान्याची पोती चिकटवून ठेवू नका.

वाळली की नाही, हे कसं कळणार?

याला एक सोपी परीक्षा आहे आणि ती फुकट होते. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, खताच्या पिशवीच्या आतलाही चालेल, पण धुऊन, पुसून, कोरडा करून. तो भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. कुठूनही हवा जाता कामा नये. एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी काढून बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल किंवा खालची भिंत काळपट पडली असेल, तर भिंत अजून ओली आहे. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा घ्या.

हा तुकडा एकाच जागी लावून भागत नाही. जमिनीपासून फूटभर उंचीवर एक, खिडकीखाली एक, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर एक आणि पावसाचा मारा बसतो त्या बाजूच्या भिंतीवर एक, असे निदान चार लावा. आमच्या धाकट्या वहिनींच्या घरी तीन तुकडे कोरडे निघाले आणि न्हाणीकडच्या भिंतीवरचा ओला. तीन भिंती रंगवायला हरकत नव्हती, पण त्यांनी सगळंच काम महिनाभर पुढे ढकललं. घरात कुरकुर झाली. त्या म्हणाल्या, "हप्ता मला फेडायचाय, तर थांबायचं किती तेही मीच ठरवणार."

चार महिन्यांनीही ओल असेल तर?

तर ती गिलाव्याची ओल नव्हे, दुसरीकडून येतेय. तिचं मूळ शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओल कुठे दिसते त्यावरून ती कुठून येते याचा अंदाज बांधता येतो.

छताजवळ किंवा भिंतीच्या वरच्या भागात डाग असेल तर पाणी वरून येतंय. स्लॅबवर पाणी साठतं का, पन्हळ तुंबली आहे का, ते पाहा. भिंतीच्या मधोमध किंवा खिडकीच्या कोपऱ्यात डाग असेल तर बाहेरच्या गिलाव्याला तडा आहे का, खिडकीवर छज्जा आहे का, ते पाहा. न्हाणी किंवा मोरीला लागून असेल तर नळाचे सांधे आणि मोरीचा उतार तपासा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा ओला असेल तर ओल जमिनीतून वर चढतेय. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा, थर नसला की असं होतं. जोत्याच्या वर बाहेरून माती साठली असली तरीही होतं.

आक्कांच्या घरामागे पाया खणताना निघालेली माती तशीच भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती जोत्याच्या वर गेली होती आणि पागोळ्यांचं पाणी तिच्यात मुरत होतं. आम्ही सगळ्याजणींनी मिळून एका सकाळी ती माती उपसली, पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार काढला आणि एक चर मारला. याला रुपया लागला नाही. पुढच्या पावसात भिंतीचा तो भाग आधीपेक्षा पुष्कळ कोरडा राहिला. बाहेरचं दुखणं आतून रंग लावून बरं होत नाही, हे आम्ही तिथे शिकलो.

खार, पोकळ गिलावा आणि तडे

भिंत वाळली, आता तिची तब्येत तपासायची.

पांढरा खार दिसला तर तो कोरड्या ब्रशने किंवा काथ्याने झाडून काढा आणि खाली पडलेली पूड भरून बाहेर टाका. पाण्याने धुवायला जाऊ नका. पाण्यात खार विरघळतो आणि परत भिंतीत जिरतो. झाडल्यावर आठ-दहा दिवस वाट पाहा. पुन्हा आला तर पुन्हा झाडा. यायचा थांबला की समजा, भिंत शांत झाली.

मग भिंत वाजवून बघा. बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून बघतो ना, तसंच. लाकडी दांड्याने किंवा थापीच्या मुठीने हलकेच ठोकत जा. पक्का गिलावा खणखणीत वाजतो. सुटलेला असेल तर बद्द, पोकळ आवाज येतो. तिथे खडूने गोल करा. असा भाग मोठा असेल तर गवंड्याकडून काढून नव्याने भरून घ्या. हा नवा तुकडाही ओलाच असतो. त्यालाही पाणी मारायचं आणि वाळायला वेळ द्यायचा, हे विसरू नका.

तड्यांचं म्हणाल तर केसासारखे बारीक तडे गिलावा वाळताना पडतातच. ते पुट्टीने बुजतात. त्याहून रुंद तडा असेल तर तो पट्टीच्या टोकाने थोडा खरवडून रुंद करावा, आतली धूळ ब्रशने काढावी, पाणी शिंपडावं आणि मग दाबून भरावं. नुसता वरून लेप दिला तर तो आत जात नाही. बीम किंवा कॉलम आणि वीटकाम जिथे जुळतं, तिथे सरळ रेषेत तडा पडतो. तिथे जाळी लावून गिलावा करायचा असतो. तुमचा गिलावा अजून व्हायचा असेल तर गवंड्याला जाळीबद्दल आताच विचारा.

काही तडे मात्र वाढत जातात. संशय आला तर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी बघा. तडा रेघेच्या पुढे गेला असेल, किंवा खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघून बोट शिरेल एवढा रुंद झाला असेल, तर रंगाचा विचार बाजूला ठेवा आणि घरकुलाचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला दाखवा.

छताला गिलावा नसेल तर आणखी एक काम असतं. स्लॅब ओतताना फळ्यांना किंवा पत्र्यांना तेल लावतात. ते तेल काँक्रीटच्या खालच्या बाजूला चिकटून राहतं. तेलकट ताटावर हळद जशी धरत नाही, तशी तिथे पुट्टी धरत नाही. धुण्याची पावडर पाण्यात कालवून तारेच्या ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि वाळू द्या.

विजेचं काम मात्र याआधीच पुरं करून घ्या. पुट्टी झाल्यावर कुणी खाच मारायला आलं तर केलेलं सगळं वाया जातं.

घासणं आणि झाडणं

गिलाव्यावर वाळूचे सुटे कण असतात. भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पूड लागली तर ती भिंत अजून तयार नाही. लोखंडी पट्टीने सिमेंटचे उंचवटे खरवडा, मग जाडा पॉलिश पेपर फिरवा. पॉलिश पेपरवर नंबर असतो. नंबर लहान तेवढा कागद खरखरीत, नंबर मोठा तेवढा बारीक. गिलाव्याला ६० किंवा ८० नंबरचा चालतो. नंतर वरून खाली झाडून घ्या. कोपरे आणि छताजवळची कड विसरू नका.

या कामात धूळ फार उडते. सिमेंटची धूळ छातीत जाणं वाईट. नाका-तोंडावर मास्क, निदान दुहेरी कापड बांधा, डोळ्यांना चष्मा लावा. लेकरांना आणि दम्याच्या माणसांना खोलीत येऊ देऊ नका. पोटुशी बाईने या धुळीतही राहू नये आणि घोडीवरही चढू नये.

पुट्टी

पुट्टी म्हणजे भिंतीवर देतात तो गुळगुळीत पांढरा लेप. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी गावात सहज मिळते. ती लावण्याआधी भिंतीवर पाण्याचा हलका शिडकावा करायचा. इथे आमच्यातल्या एकीने विचारलं, "इतके दिवस वाळवली आणि आता परत ओली करायची?" प्रश्न बरोबर होता. भिंत आतून ओली असणं वेगळं आणि वरून शिंपडणं वेगळं. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी झटक्यात शोषून घेते, मग पुट्टी घट्ट होत नाही आणि पुडीसारखी निघते. सारवणाआधी आपण अंगणात शिंपडतो तेवढंच पाणी पुरे. ओघळ येता कामा नये. शिंपडताना बटणांच्या पाट्यांजवळ जपा, मेन स्विच आधी बंद करा.

५ किलो पुट्टीला साधारण १८०० मिलिलिटर ते २ लिटर पाणी लागतं. पाण्यात पुट्टी थोडी थोडी टाकत, गुठळ्या मोडत, दहा-पंधरा मिनिटं ढवळा. श्रीखंडासारखी झाली पाहिजे. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून वापरू नका, ती धरत नाही.

पहिला हात खालून वर, पातळ. तो सुकल्यावर दुसरा हात. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड होऊ देऊ नका. पुट्टी खड्डे भरायला नसते, ती वरची साय आहे. जाड थर दिला की तडकतो. खड्डा मोठा असेल तर तो गिलाव्यानेच भरायचा.

रात्रभर सुकल्यावर बारीक, १८० किंवा त्याहून वरच्या नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. दिवसा सगळं सपाट दिसतं. संध्याकाळी बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका, म्हणजे उंचसखल लगेच दिसेल. तिथे खूण करून परत घासा, मग कोरड्या फडक्याने सगळी पूड पुसून घ्या.

प्रायमर

प्रायमर म्हणजे भिंत आणि रंग यांच्यामधला दुवा. तो सगळ्या भिंतीची शोषण्याची ताकद सारखी करतो, त्यामुळे रंग कमी लागतो आणि डाग पडत नाहीत. काही रंगारी पुट्टीच्या आधीही प्रायमर मारतात. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीखाली तो लागत नाही, तिथे पाण्याचा शिडकावाच हवा. डब्यात तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी असेल तर मात्र आधी प्रायमर आणि नंतरही प्रायमर. प्रायमरमध्ये किती पाणी घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच घाला. पाणी वाढवलं की प्रायमर पुरतो, पण काम करत नाही. एक रात्र वाळू द्या. आता भिंत रंगाला तयार झाली.

माप आपणच घ्यायचं

पुट्टीची आणि रंगाची मजुरी चौरस फुटावर ठरते. म्हणून टेप घेऊन माप आपण घ्या. समजा खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. चारी भिंतींची लांबी ४४ फूट. त्याला उंचीने गुणलं की ४४० चौरस फूट. त्यातून ७ बाय ३ चं दार, म्हणजे २१, आणि ४ बाय ३ ची खिडकी, म्हणजे १२, वजा करा. राहिले ४०७. छताचे १२० मिळवले की ५२७ चौरस फूट. दोन हातांसाठी एक किलो पुट्टी १० ते १५ चौरस फुटांना पुरते. गिलावा खरबरीत असेल तर १० च धरा. म्हणजे साधारण ५३ किलो. ४० किलोची एक पिशवी आणि पाच-पाच किलोच्या तीन पिशव्या.

दार-खिडकी वजा होणार का, घासणं आणि प्रायमर मजुरीत धरलंय का, हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या. आपण मापाचा कागद हातात घेऊन बोललो की समोरचाही मापात बोलतो.

पैसे कमी असतील, किंवा घाई असेल तर?

पुट्टीला पैसे नसतील तर पुट्टी सोडा. भिंत थोडी खरबरीत दिसेल, बिघडणार काही नाही. वाळवणं, ओलीचं मूळ शोधणं, खार काढणं आणि झाडणं मात्र सोडू नका. या चारांना पैसे फारसे लागतच नाहीत, लागतो तो वेळ.

आणि साखरपुडा पंधरा दिवसांवर आला असेल तर? तर चुन्याचा एक पातळ हात द्या. चुना ओल कोंडत नाही, भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि सिमेंटच्या जहालपणाने तो बिघडत नाही. खोली पांढरीशुभ्र दिसेल. पुढे पुट्टी किंवा रंग लावायचा असेल तेव्हा हा चुना पूर्ण खरवडून काढावा लागेल, तेवढं ध्यानात ठेवा, कारण चुन्यावर रंग धरत नाही. चुनकळी पाण्यात टाकली की उकळते आणि शिंतोडे उडतात, म्हणून लांब उभं राहा, लेकरं जवळ नकोत. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेलं तर चोळू नका, लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखान्यात जा.

ज्यांच्या भिंती मातीच्या आहेत त्यांनी सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टिकचा रंग यांच्या नादी लागू नये. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिला सारवण किंवा चुनाच चांगला.

गटाने काय ठरवलं

आक्कांच्या त्या बैठकीनंतर आम्ही गटात एक ठराव केला. रंगासाठी कर्ज मागितलं तर ते दोन टप्प्यांत द्यायचं. पहिला टप्पा गिलाव्याची दुरुस्ती, तडे, छज्जा, पाण्याचा निचरा यांसाठी. दुसरा टप्पा पुट्टी आणि रंगासाठी, पण प्लास्टिकची परीक्षा कोरडी निघाल्यावरच. परीक्षा बघायला गटातल्या दोघी त्या घरी जातात. सुरुवातीला काही जणींना राग आला. कर्ज मागितलं तर भिंत दाखवा म्हणतात, असं गावात हसण्यावारी गेलं. आता इतर गटही आमच्याकडे विचारायला येतात.

आक्कांनी उरलेले तिन्ही हप्ते वेळेवर भरले. त्यांच्या भिंती आम्ही दिवाळीत सगळ्या मिळून खरवडल्या आणि मग पुढचा अख्खा उन्हाळा उघड्या ठेवल्या. पाहुणे विचारायचे, घर असं अर्धवट का? आक्का सांगायच्या, "अर्धवट न्हाई, वाळाय घातलंय." मे महिन्यात चारही तुकडे कोरडे निघाले. पुट्टी त्यांच्या लेकीने आणि आम्ही मिळून लावली, रंग रंगाऱ्याने दिला. त्यावर आता दोन पावसाळे गेले. खिडकीखाली एका जागी थोडा डाग आहे, कारण छज्जा अजून व्हायचा आहे. बाकी भिंत जशीच्या तशी आहे.

तुमच्या गटात कुणाचं नवं घर होत असेल तर पुढच्या बैठकीला जाताना एक प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी सोबत न्या. बैठक त्याच घरी घ्या. तुकडा लावा, आणि दुसऱ्या दिवशी काय दिसलं ते वहीत लिहा.